एक इंच

आठवीच्या पुस्तकात जिभेचा नकाशा होता:
टोकाला गोड, कडेला खारट, मागे कडू.
मी तो स्केचपेनने रंगवला, दहापैकी दहा मिळवले.
बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला म्हमाणे मॅडम म्हणाल्या,
तो नकाशा चुकीचाय, केव्हाचाच.
फळा पुसता पुसता म्हणाल्या, सहज.

घरी येऊन शेंगाचटणीची चिमूट
टोकावर ठेवली, मग कडेला, मग अगदी मागे, ठसका लागेपर्यंत.
मीठ सगळीकडे मीठच होतं.
सहा वर्षं ही जीभ तोंडात घेऊन फिरले
आणि तिलाच विचारलं नाही.

मग बाकीचं काय?
मेंदूचा दहाच टक्के वापर,
चंद्रावरून दिसणारी चीनची भिंत,
अणू म्हणजे चिमुकली सूर्यमाला,
आणि ते व्हिडिओ, ज्यात कृष्णविवर गरगरतं
आणि सांगणाऱ्याचा आवाज इतका ठाम
की वाटतं हा आत्ताच तिकडून जेवून आलाय.
अंबादासमामा रोज पहाटे पाठवतो: नासाने सांगितलंय.
नासाला आमच्या तांब्याच्या तांब्याची भारी काळजी.
मी हसते मामाला.
पण त्याचाही नासावर विश्वास, माझाही नासावर,
आणि विडी घरकुलाच्या पुढे नासा
आम्ही दोघांनीही पाहिलेली नाही.

नानांच्या खिशात एक पितळी भिंग असतं, घडीचं.
खाली चौकट, बरोबर एक इंचाची.
चादर मागावरून उतरली की ते भिंग टेकवतात,
सुईच्या टोकाने धागे मोजतात,
ओठ हलतात तेलुगूत,
आकडा बाहेर पडतो मराठीत.
"बेचाळीस."
मी विचारलं, बाकीची चादर?
"बाकीची भरवशावर. सगळी मोजत बसलो तर विकू कधी?"
भिंग मिटलं. मग जरा थांबून,
"फक्त इंच कुठला घ्यायचा
ते विणणाऱ्याला ठरवू द्यायचं नाही."

मे महिन्यात मॅडमनी एका तारखेला गोल केला.
बारा वाजून तेवीस मिनिटं. सावली राहणार नाही.
पुण्याला नंतर, सोलापूरला आधी,
असं कुणीतरी कुठेतरी बसून, आमची गच्ची न बघता, ठरवलेलं.
मी लाकडी कांडी उभी केली.
फरशी अशी तापलेली की चप्पल चिकटत होती.
अम्मा सुपात तेंदूपानं कापत जिन्यातूनच ओरडली,
उन्हाला काय परीक्षा घेतेस, तेच घेईल तुझी.
एकवीस. बावीस. सावली आखडत गेली,
भांडण झाल्यावर पाहुणे सरकतात तशी.
तेवीस.
आणि कांडीच्या उत्तरेला
धाग्याएवढी सावली तशीच.

मला आनंद झाला, हे कबूल करते.
पकडलं, वाटलं. जिभेचं उट्टं निघालं.
नाना वर आले, डोक्याला टॉवेल.
काही बोलले नाहीत. तांब्याभर पाणी फरशीवर ओतलं.
पाणी क्षणभर विचारात पडलं,
मग निघालं मोरीकडे.
"गच्चीला उतार आहे, पोरी. मीच ठेवायला लावला होता."
कांडीखाली पुठ्ठ्याची चकती सरकवली,
लोंबत्या दोऱ्याने ती सरळ केली.
तोवर पंचवीस झाले होते.
सावली होती की नव्हती,
म्हणजे इतकी कमी की भांडावं लागलं असतं.

सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे, हे मी मोजलेलं नाही.
बहुतेक कधी मोजणारही नाही.
भरवशावर घेते. पुढच्या वर्षी मात्र
चकती आधी ठेवीन, अर्धा तास आधी,
आणि जागा मी निवडेन.

संध्याकाळी मामाला फोनवर सगळं सांगितलं.
त्याने शांतपणे ऐकलं, हुंकार दिले,
आणि मग विचारलं,
"कुठल्या व्हिडिओत बघितलंस?"