हातचा

स्पॉल्डिंगच्या बाहेर, जिथे जमीन पाटासारखी सपाट
आणि कोबीच्या ओळी थेट आभाळाखाली जाऊन संपतात,
तिथे आमची वखार. सात नंबरच्या दारापाशी
व्हिटौटस मोडकी पॅलेट दुरुस्त करत असतो,
खिळे ओठांत धरून. बोलणं टाळायची
याहून सोपी युक्ती मी पाहिली नाही.

मी वरच्या मजल्यावर. काम, कार्बन मोजणं.
लोक विचारतात, म्हणजे नक्की काय करतेस?
सांगते, वाण्याच्या वहीसारखंच,
फक्त उधारी हवेच्या नावावर.

शुक्रवारपर्यंत आकडा हवा, फिलिपा म्हणाली.
द्राक्षांची ओळ तेवढी राहिली होती.
न्हावाशेवा ते लंडन गेटवे, तक्त्यात जुनंच अंतर,
सुएझमधून, साडेसहा हजार सागरी मैल.
जहाज मात्र या खेपेला अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलेलं.
द्राविडी प्राणायाम! पावणेअकरा हजार,
आणि वाटभर घरघरणारे थंड कंटेनर.
"सरासरी धर ना," ती म्हणाली, "सगळेच धरतात."
वाईट नाही ती. सायकलने येते,
चहाची एक पिशवी दोनदा वापरते.

सरासरी.
काय मऊ शब्द आहे.
त्यात घाट मावतो, बंदराबाहेर तीन दिवस ताटकळलेला ट्रक मावतो,
वीज गेल्यावर लावलेलं जनरेटर मावतं,
आणि कुणालाच काही टोचत नाही.

दुपारी खाली गेले. व्हिटौटसने खुणेनं बोलावलं.
मोडक्या पॅलेटची एक फळी उचकटली होती त्यानं.
खिळे तळहातावर काढून म्हणाला,
"हे तुमच्याकडचं?"
निळ्या पेन्सिलीनं, लाकडाच्या रेषा ओलांडत,
३८८
४७६
मग रेघ. खाली ८६४.
आणि वर, आकड्यांच्या डोक्यावर,
मुंगीएवढा हातचा एक.
त्याच्या डावीकडे आणखी एक.

दिंडोरी असेल, पलूस असेल, कोण जाणे.
पेट्या मोजताना कागद सापडला नसेल,
मागून ट्रकवाला ओरडत असेल,
तरी त्या माणसानं हातचा मनात ठेवला नाही.
लिहिला.
तिसरीत बोंद्रे बाई पट्टी आपटून म्हणायच्या,
हातचा विसरलीस की गेलं गणित!
पुढे नोकरीत शिकले, हातचा राखून बोलायचं असतं.
पुरवठादार राखतात, आम्ही राखतो,
अहवाल छापणारेही राखत असतील थोडा.

"काय लिहिलंय?"
"बेरीज."
"बरोबर आहे?"
मी उभ्या उभ्या पुन्हा करून पाहिली.
"बरोबर आहे."
"मग फळी चांगली," असं म्हणून
त्यानं ती दुसऱ्या पॅलेटला ठोकली,
आकडे खालच्या अंगाला.
मागितली असती तर दिली असती त्यानं.
माझ्या कपाटात धूळ खात पडली असती
आणि त्याला नवी कापावी लागली असती.

वर येऊन पावणेअकरा हजार टाकले.
बेरीज टुणकन उडाली, तक्ता लाल झाला.
फिलिपा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "तळटीप देऊ."
पान एकेचाळीस, बारीक ठसा.
आहे तिथे. भिंग घेऊन बघा.

ते पॅलेट संध्याकाळीच गेलं, डॅफोडिलच्या कंदांखाली,
कुठे, ते माझ्या तक्त्यात येत नाही.
घरी निघाले तेव्हा बांधावरचा पंप चालू होता.
इथली शेतं नदीहून खोल;
पाणी उपसून वर चढवावं लागतं, बारा महिने,
नाहीतर कोबी, वखार, मी, सगळे पाण्यात.
हल्ली जास्त वेळ चालतो म्हणतात.
तो कुणाच्या ओळीत धरायचा,
हे सोमवारी विचारायचंय.