पाणी

खंडेनवमीला चार दिवस असताना
सांगरूळच्या चौगल्यांचा पोरगा आला,
युरियाच्या पोत्यात काहीतरी गुंडाळून.
"दस्तगीरचाचा, बफ मारून द्या. आरशागत पायजे."

पोतं सोडलं.
एकाच अंगाला धार, किंचित बाक.
आमच्या धोपेसारखी सरळ नव्हे,
तेग्यासारखं पोटही सुटलेलं नाही.
मूठ दोन हातांची, खाली माशाचं खरखरीत कातडं,
वर रेशमाची वीण, घामानं काळी पडलेली.
घाम कुणाचा, कोण जाणे.
"आज्यानं ब्रह्मदेशातनं आणली. लढाई संपल्यावर.
जपान्यानं दोन्ही हातांनी दिली म्हणं."

मी मोटार बंद केली.

मुठीत बांबूची एक खुंटी,
एवढ्या लोखंडाला एवढाच आधार.
आम्ही लाख ओततो, पातं जन्माचं बसवतो.
यानं वाट ठेवली होती,
मागून येणाऱ्या कुणीतरी उघडून बघावं म्हणून.

खुंटी सरकली.
मुठीत दडलेल्या शेपटावर
गंजात उभी पाच अक्षरं.
"तेवढा गंज काढा की."
म्हटलं, हात लावू नको.

पातं दाराकडं तिरकं धरलं.
धारेच्या वर धुक्याची कड,
पहाटे पंचगंगेवर असते तसली.
इथवर पाणी प्यालंय.

बाप म्हणायचा, पाणी देणं कानाचं काम,
चर्र आवाज तुटला की समज.
पण हा गडी आधी मातीकडं गेला होता.
पाठीला जाड लेप, धारेला पातळ,
बापट कॅम्पातला कुंभार
गणपतीच्या पापणीशी येतो तेवढ्या हलक्या हातानं.
मग विस्तव. मग पाणी.
धार कडक, पाठ सोशिक.

टोकाच्या चार बोटं अलीकडं एक दाता पडलेला.
कशावर पडला,
देणाऱ्यानं सांगितलं नसेल,
घेणाऱ्यानं विचारलं नसेल.

शिवणयंत्राचं तेल, दोन थेंब,
धुतलेल्या मलमलीनं पुसून घेतली.
पोरगं हिरमुसलं. "चमकली न्हाई की, चाचा."
तेलाचे वीस रुपये दिले त्यानं,
पोतं काखेत मारून गेला.

मूठ चढवण्याआधी
बिलबुकाचं पान शेपटावर ठेवून
पेन्सिल घासली होती.
गिऱ्हाइकाच्या रकान्यात ती पाच अक्षरं आहेत.
सुरुवात वरनं की खालनं,
अजून ठरत नाही.