अबोली, मर्यादित आवृत्ती

यंदाही समुद्र आला आहे.
निळी बाटली, बुचाला सुतळीची गाठ,
आणि आत, दरवर्षीसारखी, कलिंगडाची साल.
इझिदोरला म्हटलं, बाबा, एकदा बेतूलच्या जेटीवर
पहाटे जाऊन उभा राहा, मग ही बाटली मांड.
तो म्हणाला, ओल्या जाळ्याचा आणि डिझेलचा वास
कोण विकत घेईल?
मी घेतला असता.

दिवसभर मी कवळ्या बनवतो.
मडगावात, पिंपळकट्ट्याच्या मागे, दुसरा मजला.
गुलाबी अ‍ॅक्रिलिक, पांढरं प्लास्टर, आणि तो द्रव
ज्याच्या झणक्याने नवा पोरगा आठवड्यात पळाला.
असल्या नाकाने अत्तराचा शौक करू नये, बायको म्हणते.
मी म्हणतो, असल्याच नाकाला तो परवडतो,
त्याचं आणखी बिघडायचं काही उरलेलं नाही.

गेल्या नाताळात ‘पहिला हिम’ निघालं होतं.
पुदिना, कापूर, वर लोखंडासारखं काहीतरी गार.
कोपराच्या खळगीत फवारून तीन दिवस हुंगत बसलो:
हे बरोबर की चूक, मी कोण ठरवणार?
मला ठाऊक असलेला बर्फ मासळीबाजारातला,
भुश्शात गुंडाळलेला,
त्याला इसवणाचा वास.
वहीत लिहिलं: दहापैकी सहा.
चार माझ्या अज्ञानाचे कापले.

मग थंडीतला ऊद. मग ‘शेकोटी’,
जणू आमच्याकडे कुणी शेकोटीपाशी गोष्टी सांगत बसतं.
आमचा धूर न्हाणीतला,
भाणाखाली पेटवलेल्या सोडणांचा,
आंघोळ करूनही केसांत राहणारा.
मग एप्रिलात ‘काजू’, ज्यात बोंड नव्हतंच,
होतं अननसाचं सरबत,
सभ्य, पाहुण्यांसमोर पाय जुळवून बसणारं.
तरी मी सगळी घेतो. दहा मिलीची, लहान.
कपाटात चांगल्या पेल्यांच्या मागे ठेवतो.
बायकोला माहीत आहे. ती पेले काढत नाही.

आणि आता चवथीच्या तोंडावर, केशरी खोक्यात,
मर्यादित आवृत्ती:
‘अबोली’.

मी दोनदा वाचलं.
इझिदोर, अबोलीला वास नसतो रे.
तो क्षणभर थांबला. मग म्हणाला,
म्हणूनच मर्यादित.

कागदाच्या पट्टीवर फवारली. आधी पीच,
मग निशिगंध, खाली तीच कस्तुरी,
जी हल्ली प्रत्येक बाटलीच्या तळाशी झोपलेली असते.
वाईट नव्हती. तेच खुपलं.
इतकं छान खोटं, आणि तेही अशा फुलाविषयी
ज्याने आयुष्यात कसला दावाच केला नाही.

पट्टी खिशात घालून हरिमंदिराकडे गेलो.
तिथे सुभद्रा फाती विकते.
तिचे वरचे सगळे दात मी केलेले,
पैसे हप्त्याने, शेवटचे दोन हप्ते फुलांत.
ओळख पाहू, म्हटलं.
तिने ओल्या फडक्याला बोटं पुसली, हुंगलं.
“साबू?”
अबोली, म्हटलं.
ती हसली. मी माझं काम बघत राहिलो,
डावीकडचा सुळा किंचित लांब झालाय, आजवर दिसलं नव्हतं.
मग केळीच्या सोपात एक फाती गुंडाळत म्हणाली,
“अबोलीक वास ना,
देखून ती खंयच्याय केसांक चलता.”

बाटली घेतली. हो, घेतलीच. पन्नास मिलीची,
लहान नव्हती.
पण फाती घरी न्यायची राहून गेली.
टेबलावर कुणाचा तरी प्लास्टरचा जबडा वाळत होता,
त्याच्यावरच टाकली आणि कामाला लागलो.
सातला दिवा मालवताना उचलून हुंगली.

सोपाची ओल. फडकं. थोडं खोबरेल,
तिच्या बोटांचं असावं.
आणि वर, स्पष्ट, झणझणीत,
माझी खोली.

वहीत ‘मर्यादित आवृत्ती’च्या खाली ओळ सोडून लिहिलं:
अबोली, सुभद्राकडची. वीस रुपये.
गुण दिले नाहीत.
टिकाव: उद्या सकाळी बघू.