एक नग

कुर्ल्याच्या भंगारवाल्यानं शेपूट काट्यावर चढवलं.
साडेएकवीस किलो.
"याचं दुसरं कुठाय?"
दुसरं नव्हतंच.

कोठारेकाकांनी जुहूच्या हँगरात
मागे पंख, पुढे शेपूट असलं
हे एकच जुळवलं.
स्क्रूसुद्धा बाजारातला नाही;
तुटला की लेथवर नवा.

उडालं अकरा मिनिटं.
वर्सोव्याच्या वाळत्या बोंबलांवरून सावली गेली
तेव्हा कावळे उठायचं की बसायचं
ठरवत राहिले.

लॉगबुकात एवढीच एक ओळ.
पुढच्या कोऱ्या पानांवर
काकूंचा दुधाचा हिशेब,
खाडे धरून.

एक पंख मात्र त्यांनी दिला नाही.
चाळीच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीवर
झाकण म्हणून ठेवलाय, वर दोन विटा.
वारा सुटला की
काकू तिसरी ठेवून येतात.