येळ्ळूरचा गुडघा

क्लबवाले म्हणतात, गुडघा आमचा, करार वाच.
देशाचं पत्र म्हणतं, शुक्रवारी हजर,
तपासणी आम्हीच करू.
निकेत खाटेवर. पायावर बर्फ,
कॅम्पातल्या मासेवालीकडचा,
त्याला बांगड्याचा वास.

उद्यमबागेतली पाळी संपवून मोनाप्पा येतो,
फाउंड्रीची काळी बोटं पँटला पुसून
सूज चाचपतो. वाटीवर थांबतो.

"एक डॉक्टर म्हणतोय फाटलंय,
एक म्हणतोय नुसतं ताणलंय."

"असंच असतंय की.
आपल्या गावावर दोघं हक्क सांगतात,
गटार कोण काढूलाय?"

निकेत हसतो. हसताना पाय हलतो,
ओठ मिटतात.

"पायरीवर दुखूलाय काय?"
"चढताना न्हवं. उतरताना."

मोबाईल परत वाजतो.
बर्फाचं पाणी
उंबऱ्याकडं निघालंय.