निळी सुतळी

बुधवारचा बाजार भरायच्या आधी
आम्ही गोदाघाटावर पोचलो.
सतरा मुलं, एक शिडी,
निळीत बुडवून वाळवलेली दोन किलो सुतळी
आणि मी, चित्रकलेचा मास्तर,
निवृत्तीला अकरा महिने.

"सर, हे चित्र आहे का?" सायमानं विचारलं.
म्हटलं, आधी बांधू, मग ठरवू.
खरं तर मलाही माहीत नव्हतं.

बेत सोपा होता.
पुराचं पाणी जिथवर आलं, तिथवर सुतळी.
विजेच्या खांबाला गाठ, शटरच्या कडीला गाठ,
भांडीबाजाराच्या बोळात पन्हाळीच्या पाइपाला गाठ,
म्हणजे माणूस सहज मान वर करील
आणि त्याला कळेल,
आपण पाण्याच्या तळातून चाललोय.

उंची कागदावरून काढली होती.
मीटर, सेंटिमीटर, सही, शिक्का.
पहिल्याच गाठीला चांगुणाबाईनं
हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.
"मास्तर, हितं न्हवतं."
उठली, पदर खोचला, टाचा उचलल्या,
हात वर ताणला.
"हितं. माझ्या बोटाच्या वर चार बोटं."
यज्ञेशनं माझ्याकडे बघितलं,
मग माझ्याकडे न बघता गाठ सोडली.

तांब्याचे हंडे ठोकणारे करंजकर म्हणाले,
आमच्या भिंतीला एवढं नव्हतंच.
समोरचा म्हणाला, होतं,
तू तेव्हा सिन्नरला मामाकडे होतास.
कुठल्या सालचं, यावर दोघं हातघाईला आले.
तिसरा म्हणाला, साल सोडा,
दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं होतं ते बोला.
छातीला.
गळ्याला!
मुलं वहीत लिहीत होती, खोडत होती,
शिडी पुढे सरकत होती
आणि सुतळी दर दुकानागणिक वर-खाली,
ज्याला जेवढं आठवलं तेवढी.
पाणी असं कधी उभं राहत नाही.
विज्ञानाच्या बाई असत्या तर रागावल्या असत्या.
पण पुलावरून पाहिलं
तेव्हा ती लाट दिसत होती.
हे आमच्या बेतात नव्हतं.

दुपारपर्यंत सुतळीवर
लसणाच्या माळा, दोन झबली,
एका रिक्षावाल्याचा ओला रुमाल.
मुलं चिडली. "सर, आपलं काम बिघडवतायत."
मीही शिडी मागवलीच होती.
तेवढ्यात लसूणवाला गिऱ्हाइकाला सांगताना ऐकला,
"ह्या दोरीखाली सगळं पाणी होतं, ताई.
किलोभर घ्या."

पाच वाजता मुकादम लोखंडे आले, हातात कोयता.
परवानगी?
परवानगीचं पत्र शाळेच्या कपाटात,
कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर.
चार गाठी कापल्या त्यांनी, न बोलता.
पाचवी चांगुणाबाईच्या खांबाची.
तिथे थांबले.
तळहात डोक्यावर ठेवून
सुतळीपर्यंतचं अंतर मोजलं. दीड वीत.
"मला पोहता येत नाही," म्हणाले,
कोणालाच उद्देशून नाही.
मग कापलेल्या सुतळीचं भेंडोळं सायमाच्या हातात देऊन,
"आज गाडी नाही. उरलेलं उद्या बघू."

रात्री गुणपत्रक घेऊन बसलो.
रेखाटन, रंगसंगती, नीटनेटकेपणा.
चांगुणाबाईची चार बोटं
कुठल्या रकान्यात बसेनात.
शेवटी सतरा जणांना सारखेच गुण दिले.
मुख्याध्यापकांनी कारण विचारलं,
ते मी अजून लिहितोय.

पुढच्या बुधवारी एकटाच गेलो.
सुतळी गेली होती, नाही म्हणायला
मुकादमांनी कापलेल्या एका खांबावर
हातभर तुकडा कोणीतरी पुन्हा बांधलेला,
चार बोटं आणखी वर.
गाठ आमची नव्हती.
मी मुलांना शिकवली होती ती ओढली की सुटते.
ही म्हशीच्या दाव्याची,
ओढली की घट्ट होणारी.

खिशातून उरलेली सुतळी काढली,
खांबाशी उभा राहून
तशी गाठ मारून बघितली.
सुटली.
चांगुणाबाई मेथी निवडत होती,
मान वर न करता म्हणाली,
"डावीकडून घ्या, मास्तर."