दुरुस्ती

किसुमूच्या बसस्टँडमागे सायबर कॅफे,
तासाला साठ शिलिंग.
चष्मा कपाळावर सारून न्यामवेयाकाका
अपोंडीचा कर्जाचा अर्ज तपासतात.

स्पेलिंगमध्ये एक ओ जास्त, दाखल्यावर नाहीये.
खातं आईचं दिलंयस, तुझं हवं.
जामीनदाराची सही पेन्सिलनं? अगं पोरी!
आणि शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस,
त्या दिवशी अख्खा देश रांगेत असतो.

मग बोट थांबतं.
वडील : हयात.
व्यवसाय : होड्यांची इंजिनं दुरुस्त करणे.

"मार्चमध्ये आपण सगळे होतो ना तिथं,"
ते हळूच म्हणतात.
"खोटं धरतील. कर्ज अडेल."

ती लगेच खोडत नाही.
बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारतंय,
एकदा, दोनदा;
सुरू होत नाही.

'हयात'वर एक बारीक रेघ.
व्यवसाय तसाच ठेवते.